चार डीबी गेले कुठे?

कानाला खडा : आवाज, साउंड आणि घरच्या स्टुडिओबद्दलचं सल्ला सदर

‘दादा, मी सावंतवाडीचा, वय २४. दिवसा म्हापशाला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो, रात्री घरी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ, हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर. दोन वर्षं सायट्रान्स, म्हणजे पार्टीत वाजणारं जलद इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत करतोय, १४५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १४५ ठोके. गेल्या महिन्यात हरमलला एका पार्टीत मित्राने माझा ट्रॅक लावला. आधीचा ट्रॅक एका नावाजलेल्या लेबलचा होता. माझा सुरू झाला आणि कुणी आवाज कमी केला की काय असं वाटलं. लोक बिअर आणायला गेले. वर साउंडवाल्याने माझ्या ट्रॅकवर बेस कमी केला, तो का, ते कळलं नाही. घरी मीटर लावला तर ड्रॉपमध्ये, म्हणजे सगळ्यात जोरदार भागात, माझा ट्रॅक उणे ११ लफ्स (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा), तो दुसरा उणे ७. लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारं साधन, दाबून मीही उणे ७ ला नेला, तर किक (मुख्य ठोका) फुस्स होते आणि सगळा ट्रॅक धापा टाकतो. कुणी म्हणतं उणे १४ ठेव, कुणी म्हणतं उणे ६. माझा ट्रॅक ए या सुरात आहे. खोली दहा बाय दहा, टेबल मधोमध, कारण स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत असं वाचलं होतं. आता १६ हजारांचा लिमिटर घेऊ, की ४५ हजारांचा मास्टरिंगचा, म्हणजे तयार ट्रॅकवर शेवटचा हात फिरवण्याचा, कोर्स करू? की हे काम माझं नाहीच?’

प्रिय सावंतवाडीकर,

आधी त्या रात्रीचं बोलू. अर्धी चूक तुझ्या मित्राची आहे. डीजे मिक्सरवर प्रत्येक चॅनेलच्या डोक्यावर ट्रिमचं बटण असतं ते याचसाठी. हळू आवाजाचा ट्रॅक आला की हेडफोनमध्ये ऐकून, मीटर बघून ट्रिम वाढवायचा आणि मगच फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर न्यायचा. त्याने तो वाढवला नाही. नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरला डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवायचे, कारण गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकायच्या. त्या काळचे बरेचसे ट्रॅक आज मीटरला लावले तर तुझ्यापेक्षाही हळू निघतील, आणि त्यांच्यावर लोक सूर्य डोक्यावर येईपर्यंत नाचले. आवाज वाढवायला बटण तेव्हाही होतं.

पण मित्राला बोल लावून तुझं काम होत नाही. प्रत्येक डीजे ट्रिमला हात लावेलच असं नाही, आणि पाठोपाठ वाजलेल्या दोन ट्रॅकमधला चार डीबीचा (डेसिबलचा) फरक नाचणाऱ्याच्या पायालाही कळतो. तेव्हा ते चार डीबी शोधू. माझी खात्री आहे की ते तुझ्याच प्रोजेक्टमध्ये पडलेत आणि त्यासाठी तुला सोळा हजार खर्च करायची गरज नाही.

एक फुकटची तपासणी आधी उरकून घे. एफएल स्टुडिओ उघड आणि मास्टर चॅनेलवर, जिथून सगळा आवाज एकत्र बाहेर पडतो तिथे, बघ. ‘बेसिक विथ लिमिटर’ हा टेम्प्लेट वापरत असशील तर तिथे फ्रूटी लिमिटर आधीपासूनच बसलेला असतो. अनेक पोरं दोन-दोन वर्षं काम करतात आणि त्यांना पत्ताच नसतो. मिक्स करताना तोच पीक, म्हणजे आवाजाची क्षणिक शिखरं, दाबत राहतो, तुला वाटतं मिक्स आवाक्यात आहे, आणि मग त्याच्यापुढे तू आणखी एक लिमिटर लावून दाबतोस. असेल तर काढ. काढल्यावर मास्टर लाल झाला तर घाबरू नकोस, खरी परिस्थिती आत्ता दिसायला लागली. सगळे फेडर खाली घे आणि पुढे वाच.

तुझं पत्र वाचताना मी अडखळलो तो मीटरच्या आकड्यांपाशी नाही, साउंडवाल्यापाशी. जो ट्रॅक हळू वाटतोय, त्याचाच बेस एखादा माणूस कमी का करेल? कारण त्याच्या सिस्टिमवर खालचा भाग नुसता गुरगुरत होता आणि त्याखाली बाकीचं दबलं होतं. साउंडवाले फारसे बोलत नाहीत, पण त्यांचा हात कुठल्या बटणाकडे गेला ते बघून ठेवावं. तुझ्या मिक्समध्ये सब, म्हणजे सगळ्यात खालचा बेस, गरजेपेक्षा जास्त आहे आणि तो तुला घरी ऐकू येत नाहीये. का येत नाही, ते तूच लिहिलंयस. दहा बाय दहा, टेबल मधोमध.

हिशेब करू. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत पहिली उभी लाट (भिंतींमध्ये जागच्या जागी घुमणारी) कुठे बसते ते काढायचं तर वेगाला खोलीच्या दुप्पट लांबीने भागायचं. उत्तर येतं ५६ हर्ट्झ. तुझा ट्रॅक ए मध्ये, म्हणजे बेसलाइनचा पाया ५५ वर. या लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वात जास्त असतो आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर जवळजवळ नसतो. तू नेमकी तिथेच खुर्ची टाकलीस. त्यात खोली चौरस, म्हणजे लांबीची आणि रुंदीची लाट एकाच आकड्यावर. छतही दहा फुटांवर असेल तर तिसरीही तिथेच.

विश्वास ठेवू नकोस, करून बघ. एका सिंथवर साधी साइन (एकच शुद्ध सूर) लाव आणि तिचा सूर ३० हर्ट्झपासून १२० पर्यंत हळूहळू चढव, अर्ध्या मिनिटात. एकदा खुर्चीत बसून ऐक, एकदा कोपऱ्यात उभा राहून. पुण्यातल्या माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत, साडेनऊ फुटांची होती ती, मी हे केलं तेव्हा खुर्चीत बसल्यावर साठाच्या आसपास आवाज गायबच झाला. दाराशी गेलो तर तिथे कडी थरथरत होती. त्याआधीचं वर्षभर मी प्रत्येक ट्रॅकमध्ये साठाचा भाग वाढवत बसलो होतो आणि वर लोकांना सांगत होतो की माझे स्पीकर जरा कोरडे आहेत.

टेबल मधून काढ आणि समोरच्या भिंतीकडे सरकव, कान भिंतीपासून पावणेचार फुटांवर येतील असं. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायचं हा अंदाजाचा नियम आहे, वेदवाक्य नाही. तिथून इंच-दोन इंच मागेपुढे करून साइन पुन्हा ऐक आणि जिथे खड्डा कमी वाटेल तिथे बस. भिंतींवर अंड्याचे ट्रे चिकटवायचा बेत असेल तर राहू दे. ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते, तिला पुठ्ठा काय अडवणार? टाळीचा घुमारा थोडा कमी होईल, बेस तसाच राहील, आणि कोकणातल्या पावसात त्या ट्रेंना बुरशी धरेल ती वेगळी. खालच्या भागाचा शेवटचा निकाल हेडफोनवर लाव. हेडफोनला खोली नसते.

आता सबचा आणि आवाजाचा संबंध. लफ्स हे माप मुळात प्रसारणासाठी आलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने मोजायची पद्धत २००६ साली ठरवली, युरोपातल्या प्रसारकांनी २०१० साली उणे २३ हा आकडा धरला, म्हणजे मालिका संपून जाहिरात लागली की घरातल्याला रिमोटकडे धावावं लागू नये. माणसाला किती मोठं वाटतं ते मोजायचं असल्यामुळे मीटर सगळ्या सुरांना सारखा भाव देत नाही. ५० हर्ट्झला तो चारेक डीबी कमी धरतो, तीन हजारांच्या वर चारेक डीबी जास्त. लिमिटरला मात्र हे काही ठाऊक नाही. त्याला फक्त पीक दिसतं. तुझा फुगलेला ५५ हर्ट्झ लिमिटरसमोरची सगळी जागा खातो आणि मीटरवर त्याचं श्रेय मिळत नाही. तू लिमिटर दाबतोस, तो दाबतो ती किक, आणि आकडा जेमतेम हलतो.

कानाचं म्हणशील तर गणपतीत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर उभा राहा. पथकात चाळीस-पन्नास ढोल आणि मोजके ताशे. पथक अजून वळणापलीकडे असतं तेव्हा आधी कानावर येतो तो ताशा. ढोल जवळ आल्यावर छातीत कळतो. ढोल हवाच, पण लांबून ‘मोठा आवाज आला’ हे सांगतो तो ताशा. तुझ्या बेसलाइनलाही तिचा ताशा लागतो, म्हणजे १५० ते ७०० हर्ट्झमधले वरचे अंश (हार्मोनिक्स). बेसवर थोडं सॅच्युरेशन (असे अंश वाढवणारी हलकी विकृती) दे, सिंथचा फिल्टर किंचित जास्त उघड, आणि त्या बदल्यात ५५ चा पाया दोन-तीन डीबी खाली घे. पारखायला तुझ्याइतकी सोय माझ्याकडेही नाही. दुकानात दुरुस्त होऊन पडलेल्या फोनवर ट्रॅक लाव. त्या इवल्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ येणं शक्यच नाही. तरीही बेसलाइन ओळखू आली, तर अंश आहेत. नुसती टकटक आणि वरची शिट्टी ऐकू आली, तर तुझा बेस म्हणजे सगळा ढोल.

हे झालं जागेबद्दल. खरी गळती मला वाटते वेळेत आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

सायट्रान्सची किक-बेसची चाल तुला सांगायला नको. एका ठोक्याचे चार भाग, पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हींवर बेस. या बांधणीकडे तू चाल म्हणून बघतोस, मी जागावाटप म्हणून बघतो. ज्यांनी ती रुळवली त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण तिच्यात किक आणि बेस यांना एकाच क्षणी वाजायची गरजच उरत नाही. आणि त्यामुळेच हा प्रकार एवढा मोठा होऊ शकतो. समज, किकचं पीक उणे ६ वर आहे आणि बेसचंही उणे ६ वर. दोघं एकाच क्षणी एकाच दिशेने वर गेले तर बेरीज होते शून्य, म्हणजे डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा. छताला डोकं लागलं. तेच दोघं कधीच भेटले नाहीत, तर दोघांनाही शून्यापर्यंत उभं राहता येतं. सहा डीबी मिळाले, लिमिटरला हात न लावता. तुला हवे होते चार.

आता तुझा वेग १४५. एक ठोका ४१४ मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १०३. म्हणजे किकला जन्मायला, वाजायला आणि पूर्ण मरायला १०३ मिलिसेकंद मिळतात. ५५ हर्ट्झच्या जेमतेम पावणेसहा लाटा. तुझी किक कुठून आली? टेक्नोच्या पॅकमधून उचलली असेल तर ती सहज पाव सेकंदाची असेल, कारण टेक्नोत तिला शेपूट लागतं. ते शेपूट तुझ्या पहिल्या बेसवर पूर्ण पडतं आणि दुसऱ्यावर अर्धं.

हे डोळ्यांनी दिसतं. फक्त किक आणि बेस चालू ठेव, बाकी सगळं म्यूट, आणि दोन बार एडिसनमध्ये (एफएलचाच रेकॉर्डर) रेकॉर्ड कर. मग झूम करत जा, एक ठोका पडदाभर होईपर्यंत. एक किक आणि मागे तीन बेस. तिन्ही बेस एका साच्यातून काढलेल्या मोदकांसारखे दिसायला हवेत. पहिला बाकीच्या दोघांपेक्षा उंच दिसला तर किकचं शेपूट त्याच्या डोक्यावर चढलंय. रोडावलेला दिसला तर शेपूट त्याला उलट्या दिशेने खातंय, आणि ते जास्त वाईट, कारण मग तू बेस आणखी वाढवतोस. प्रत्येक ठोक्याला पहिला बेस वेगळाच दिसत असेल तर सिंथचा ऑसिलेटर (लाट तयार करणारा भाग) दर वेळी निराळ्या जागेवरून सुरू होतोय. सीरम या सिंथमध्ये रँड नावाचं बटण आहे, ते शून्यावर आण. व्हायटलमध्ये आणि एफएलच्या थ्री-एक्स-ऑसमध्येही फेजचं तसंच बटण सापडेल. बेसचा प्रत्येक सूर एकाच बिंदूपासून निघाला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ.

मग किकचं शेपूट काप. एकदम तोडलंस तर टक असा आवाज येईल, म्हणून शेवटच्या दहा-पंधरा मिलिसेकंदांत उतरवत शून्यावर आण, शंभराच्या आत. तिसऱ्या बेसचा रिलीजही (विरायला लागणारा वेळ) बघ, तो पुढच्या किकमध्ये घुसत असेल तर आखूड कर. पहिल्यांदा हे केल्यावर किक एकटी ऐकलीस तर ती बारकी वाटेल आणि हात परत शेपूट लांबवायला जाईल. जाऊ देऊ नकोस. बेस सुरू करून ऐक. किक संपते त्याच क्षणी बेस उचलतो आणि कानाला ती लांबच वाटते. या टप्प्यावर मीटरही लावू नकोस. फक्त किक-बेस मास्टरवर शून्याच्या किती जवळ जाता येतं ते बघ, कसलाही लिमिटर न लावता.

राहिलेली गळती म्हणजे रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी). लीडवर (मुख्य धुनेवर) हॉल रिव्हर्ब टाकलास की त्याचा खालचा भाग किक आणि बेसच्या मधल्या त्या नीट रिकाम्या केलेल्या फटी भरून टाकतो. रिव्हर्बच्या परताव्यावर दोनशेच्या खालचं काप, दणके आणि धडामधुडुमवरही काप. फक्त मास्टरवर तीस हर्ट्झचा कडक हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) बसवू नकोस. ‘न ऐकू येणारं काढलं, जागा झाली’ असं वाटतं, पण कडक फिल्टर लाटांची आपसातली वेळ हलवतो आणि पुष्कळदा पीक उलट वर जातात. करून बघ, मास्टरचा आकडा बघून चकित होशील.

एवढं झाल्यावर मग क्लिपर. तुळशीचे शेंडे खुडतात ना, तसा क्लिपर पीकचे शेंडे खुडतो. ठरलेल्या उंचीच्या वर जे गेलं ते कापलं, आणि तो क्षण संपला की त्याला काही आठवत नाही. लिमिटरचा स्वभाव निराळा. तो पीक येताना बघतो, सगळा आवाज खाली घेतो आणि मग हळूहळू परत वर आणतो. तुझ्याकडे दर ४१४ मिलिसेकंदांनी किक येते. तो परत वर येईतो पुढची हजर. तू ज्याला धापा म्हणालास त्या याच आहेत, आणि किक फुस्स होते कारण तिच्या पहिल्या ठोक्यालाच तो खाली दाबतो. किकच्या सुरुवातीची टक मिलिसेकंदभराची असते आणि किकच्या अंगापेक्षा तीनेक डीबी उंच. लिमिटरने ती दाबली तर मागचं सगळं दबतं. क्लिपरने खुडली तर बहुतेक वेळा कळतही नाही, उलट थोडी धार येते.

जीक्लिप हा क्लिपर फुकट मिळतो, तो किकच्या चॅनेलवर लाव. उंची खाली आणत जा, किकचा पोत बदलल्याचं कळेपर्यंत, आणि मग एक डीबी परत वर जा. नंतर किक-बेस ज्या बसवर, म्हणजे सामाईक चॅनेलवर, एकत्र येतात तिथे एक डीबी, शेवटी मास्टरवर एक. एकाच जागी चार डीबी खुडलेस तर खरखर येईल, तीन जागी वाटून खुडलेस तर येणार नाही. मास्टरवरच्या क्लिपरला ओव्हरसॅम्पलिंग (आवाज जास्त बारीक तुकड्यांत हाताळणं) असेल तर ते चालू ठेव, नाहीतर हाय-हॅटमध्ये काचेसारखं काहीतरी वाजायला लागतं. सगळ्यात शेवटी लिमिटर, लाउडमॅक्स चालेल, तोही फुकट. त्याच्यावर एक ते दोन डीबी, बस. त्याहून जास्त लागतंय असं वाटलं तर परत एडिसनमध्ये जा, तीन मोदक बघ.

ऐकताना एक पथ्य पाळ. मोठं ते चांगलं, असा कान दर वेळी फसतो, माझा अजूनही फसतो. म्हणून त्या लेबलच्या ट्रॅकशी तुलना करताना आधी तो चार डीबी खाली आण, दोन्ही सारखे ऐकू येईपर्यंत, आणि मग किक, बेस, वरची चमक यांची तुलना कर. तसं केल्यावर तुझा ट्रॅक धूसर वाटला तर काम मिक्समध्ये उरलंय. बरोबरीचा वाटला तर उरलेलं काम दहा मिनिटांचं आहे. तो ट्रॅक विकत घेऊन वेव्ह फाईल वापर. यूट्यूबवरून उतरवलेली फाईल दाबलेली असते, तिच्याशी तुलना करून तुझा वरचा भाग बिघडेल.

उणे १४ आणि उणे ६ च्या भांडणाबद्दल थोडक्यात. उणे १४ हा आकडा स्पॉटिफायचा. तिथे नॉर्मलायझेशन (सगळे ट्रॅक एका पातळीला आणणं) चालू असेल तर तुझा उणे ७ चा ट्रॅक वाजताना सात डीबी खाली येतो. यूट्यूबही मोठा ट्रॅक खाली घेतो, पण हळू असलेला वर नेत नाही. याचा अर्थ तिथे तुला मोठेपणाचा फायदा मिळत नाही, एवढाच. उणे १४ ला मास्टर करायची सक्ती त्यातून निघत नाही. तुझा ट्रॅक पेनड्राइव्हवरून वाजणार आहे आणि पेनड्राइव्ह काही नॉर्मलाइज करत नाही. तुझ्या प्रकारात ड्रॉपला उणे ८ ते उणे ६ हे चालू नाणं आहे. मी असतो तर उणे ७.५ ला थांबलो असतो. आकडा बघायचा तो ड्रॉपमधला शॉर्ट-टर्म, म्हणजे तीन सेकंदांचा. अख्ख्या ट्रॅकचा इंटिग्रेटेड बघितलास तर दोन मिनिटांचा शांत ब्रेकडाउन तो खाली ओढतो आणि तू उगाच ड्रॉप आणखी ठोकतोस. स्ट्रीमिंगच्या फाईलला ट्रू पीक (प्रत्यक्ष वाजताना येणारं खरं शिखर) उणे १ च्या खाली ठेव, कारण ती दाबताना पीक थोडे वर उसळतात. स्पॉटिफाय तर उणे १४ पेक्षा मोठ्या मास्टरला उणे २ सुचवतं. क्लबच्या वेव्हला मी उणे ०.३ ठेवतो.

उणे ७.५ ला का थांबायचं, याचं कारण माझ्या अंगावरचा वळ आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मुळशीजवळच्या एका फार्महाऊसवर मी स्वतःचा ट्रॅक वाजवला, उणे ५ ला ठोकलेला. लॅपटॉपवर तो राक्षस वाटायचा. मोठ्या सिस्टिमवर मात्र नुसता भुस्सा. सगळं सतत मोठं, त्यामुळे ठोका असा कुठे लागेचना. साउंडवाल्याने दोन मिनिटांत पूर्ण आवाजच खाली घेतला. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, ‘कान दुखतोय साहेब, आणि नाचता पण येत नाय.’ नंतर त्याच ट्रॅकची जुनी, दोन डीबी हळू असलेली आवृत्ती लावली आणि ती जास्त मोठी वाटली. त्या रात्रीपासून उणे ५ ला कानाला खडा.

आता पैशांचं. सोळा हजारांचा लिमिटर घेऊ नकोस. महागडे लिमिटर खरंच चांगले असतात, पण ते शेवटचा अर्धा डीबी देतात, पहिले चार नाही. पंचेचाळीस हजारांचा कोर्स तर मुळीच नको, निदान या प्रश्नासाठी. त्यात पहिले दोन महिने मायक्रोफोन आणि केबल शिकवतील आणि तुझी किक अडीचशे मिलिसेकंदांचीच राहील. खर्च करायची खुमखुमी असेलच तर त्या सोळा हजारांत ओपन-बॅक हेडफोनची बरी जोडी घे आणि तुझ्या आवडीच्या लेबलचे पाच-सहा ट्रॅक वेव्हमध्ये विकत घे. मीटरला यूलीनची फुकट आवृत्ती पुरेल, स्पेक्ट्रम बघायला व्हॉक्सेंगोचा स्पॅन, तोही फुकट.

मास्टरिंग दुसऱ्याकडून करून घ्यावं का, हे तू विचारलं नाहीस, पण ते प्रश्नात आहेच. लेबलकडे जाणारा ट्रॅक असेल तर जरूर घ्यावं. मास्टरिंग करणारा लिमिटर काही जादूने दाबत नाही. पण त्याची खोली बरोबर असते आणि त्याने तुझी किक चारशे वेळा ऐकलेली नसते. मित्राच्या पार्टीत वाजवायच्या ट्रॅकला स्वतःच कर. आणि हे काम तुझं नाही असं मला कुठेच दिसलं नाही. ज्याला स्वतःच्या ट्रॅकमध्ये धापा ऐकू येतात आणि साउंडवाल्याचा हात कुठे गेला हे लक्षात राहतं, त्याचा कान ठीक आहे. खुर्ची चुकीच्या जागी आहे, एवढंच.

आधी टेबल हलव, मग किक काप, आठवडाभर त्याच ट्रॅकवर राहा, नवीन सुरू करू नकोस. मग मला फाईल पाठव. दोन पाठव: एक तू मास्टर केलेली, आणि एक मास्टर चॅनेलवर काहीही न लावता, चोवीस बिट वेव्ह, पीक उणे ३ च्या आसपास. एमपी३ नको. आणि सोबत किक-बेसचा तो झूम केलेला स्क्रीनशॉट, तीन मोदकांसकट.

तुझा,
दादा